ज्योत काय सांगते?
जुन्या गॅस-शेगडीची दुखणी आणि त्यांवरील उपाय

जुनी वस्तू एकदम टाकून देण्याचा आपल्या घरांत रिवाज नाही. नवी शेगडी ओट्यावर आली, की जुनी शेगडी आधी मागच्या पडवीत पाणी तापवायला जाते, मग लग्नकार्यात जादा चूल म्हणून बाहेर निघते आणि शेवटी शिकायला आलेल्या मुलाच्या खोलीवर तिची रवानगी होते. धारवाडात सप्तापूर, कल्याणनगर या भागांत खोल्या घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांकडे अशा वर्षानुवर्षे चाकरी केलेल्या शेगड्या पुष्कळ आढळतात. अशी शेगडी मधूनमधून रुसते. एक बर्नर फुरफुरतो, दुसरा अर्ध्याच अंगाने पेटतो, भांड्याचे बूड काळे होते, आच मंद केली की ज्योत विझते. घरातील माणसे मग दोहोंपैकी एक मार्ग धरतात. एक तर ‘जुनी झाली, असेच चालायचे’ म्हणून दिवस काढतात, नाही तर हाताला लागेल ती टाचणी घेऊन जेट कोरत बसतात. पहिल्या मार्गाने गॅस वाया जातो आणि स्वयंपाकघरातील हवा बिघडते. दुसऱ्या मार्गाने किरकोळ दोष कायमचा होऊन बसतो.

खरे म्हणजे शेगडी आपले दुखणे स्वतःच सांगत असते. ज्योत ही तिची भाषा. ती भाषा समजली, की दोष कोठे आहे हे बहुतेक वेळा पाच मिनिटांत कळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणता दोष आपण घरी दूर करावा आणि कोठे हात आवरावा, हेही कळते. या लेखाचा उद्देश एवढाच आहे.

प्रयोगशाळेतील दिवा आणि ओट्यावरची शेगडी

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला ही भाषा अगदीच परकी नाही. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे रॉबर्ट बुन्सेन या रसायनशास्त्रज्ञाने पीटर देसागा या कुशल कारागिराच्या मदतीने १८५५ च्या सुमारास जो दिवा तयार करविला, तो आज प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आहे. त्याच्या नळीच्या बुडाशी एक फिरते कडे असते. कडे फिरवून हवेचे भोक बंद केले, की ज्योत पिवळी, लांब व डुलणारी होते. भोक उघडले, की तीच ज्योत निळी, आखूड व प्रखर होते. गॅस तोच आणि तेवढाच; फरक फक्त आधी मिसळणाऱ्या हवेचा. आपली गॅसची शेगडी म्हणजे हाच बुन्सेनचा दिवा आडवा करून त्याच्या तोंडावर पितळेची टोपी बसविलेला!

भारतात स्वयंपाकाचा सिलिंडरमधील गॅस १९५५ साली मुंबईत बर्मा-शेल कंपनीने प्रथम आणला. इंडियन ऑईलची ‘इंडेन’ची पहिली घरगुती जोडणी १९६५ साली कलकत्त्यात झाली. त्यापूर्वी आणि त्यानंतरही कित्येक वर्षे आपल्या घरांत रॉकेलच्या स्टोव्हचे राज्य होते. स्टोव्हला पंप मारावा, पेटत नसेल तर पिन करावी, हे त्या पिढीच्या बोटांना पाठ होते. गॅस आला, पण पिनेची सवय गेली नाही. शेगडीच्या निम्म्या तक्रारींचे मूळ त्या सवयीत आहे. ते कसे, हे पुढे येईलच.

शेगडीची अंतर्रचना

सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्युटेन हे वायू दाबाखाली द्रवरूपात असतात. घरगुती सिलिंडरमध्ये त्यांचे वजन १४.२ किलो असते. आतला दाब पुष्कळ असतो. रेग्युलेटर तो उतरवून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० ग्रॅम एवढाच बाहेर सोडतो. तेथून गॅस रबरी नळीतून शेगडीच्या आडव्या पाइपात येतो. प्रत्येक बर्नरसाठी त्या पाइपावर एक पितळी कॉक असतो. आपण बटण फिरवतो म्हणजे हाच कॉक फिरवतो. कॉकच्या तोंडाशी जेट असते. हे एक छोटे पितळी बोंडूक, आणि त्याला एक मिलिमीटरपेक्षाही बारीक छिद्र.

या छिद्रातून गॅसची वेगवान धार निघून मिश्रणनळीच्या तोंडात शिरते. शिरताना ती आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढून नेते. नळीत गॅस व हवा एकजीव होतात आणि बर्नरच्या टोपीच्या छिद्रांतून बाहेर पडून पेट घेतात. एक भाग प्रोपेन पूर्ण जळण्यास सुमारे २४ भाग हवा लागते, ब्युटेनला सुमारे ३१ भाग. यांतील काही हवा नळीतच मिसळते. उरलेली ज्योत स्वतः भोवतालून घेते. थोडक्यात, शेगडीत जळणाऱ्या मिश्रणात गॅस थोडा आणि हवाच फार. म्हणून शेगडीचे विकार पाहताना ‘गॅस कमी येतो का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘हवेची वाट मोकळी आहे का?’ हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा.

ज्योतीचे प्रकार

निरोगी ज्योत निळी असते. प्रत्येक छिद्रावर एक लहानसा, रेखीव, गडद निळा सुळका आणि त्याभोवती फिकट निळे आवरण दिसते. ती छिद्राला चिकटून असते आणि फारसा आवाज करीत नाही.

ज्योतीचे शेंडे सतत पिवळे असतील व भांड्याला काजळी धरत असेल, तर हवा कमी पडत आहे असे समजावे. पुरेसा प्राणवायू न मिळालेले कार्बनचे सूक्ष्म कण तापून चमकतात; त्यांचाच तो पिवळा रंग, आणि तेच भांड्याच्या बुडावर काजळी होऊन बसतात. कारणे बहुधा साधी असतात. मिश्रणनळीच्या तोंडाशी धूळ व तेलाचा चिकट थर बसलेला असतो, आत कोळ्याने जाळे केलेले असते किंवा झुरळ मरून पडलेले असते. आपल्या भागात आणखी एक कारण हमखास आढळते, ते म्हणजे ज्वारीचे पीठ. शेगडीच्या शेजारीच भाकरी थापली जाते. भाकरीवरून झटकलेले पीठ बर्नरवर आणि जेटच्या आसपास साचत जाते आणि ओलाव्याने त्याचा लेप होतो.

मात्र निळ्या ज्योतीत अधूनमधून नारिंगी ठिणग्या चमकल्या, तर घाबरण्याचे कारण नाही. धूळ किंवा उतू गेलेल्या आमटीतील मीठ ज्योतीत आले, की मिठातील सोडियम हा रंग देते. ज्योतीच्या रंगावरून मूलद्रव्य ओळखण्याची पद्धत बुन्सेन व किर्चहॉफ या जोडीने १८५९-६० मध्ये याच दिव्याच्या साहाय्याने उभी केली. चमकून जाणारा नारिंगी आणि ठाण मांडून बसलेला पिवळा, हा फरक ओळखावा.

ज्योत छिद्रापासून सुटून वर तरंगत असेल व फुरफुरत असेल, तर हवा जास्त झाली आहे किंवा गॅस फार जोराने येत आहे. काही जुन्या शेगड्यांना हवा कमीजास्त करण्याची पत्र्याची झडप असते. ती सैल होऊन पूर्ण उघडली असेल तर बेताने मिटावी. सर्वच बर्नर असे जोराने फुरफुरत असतील, तर रेग्युलेटरवर संशय घ्यावा आणि वितरकाला कळवावे. रेग्युलेटर घरी उघडण्याची वस्तू नव्हे.

‘भप्’ असा आवाज होऊन ज्योत आत शिरणे आणि जेटपाशी जळू लागणे, हा चौथा प्रकार. ज्योत नेहमी मिश्रणाच्या उलट दिशेने, म्हणजे आत, जाऊ पाहते. बाहेर येणारा प्रवाह तिला थोपवून धरतो. प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्या माणसासारखी ती एकाच जागी असते. प्रवाह मंदावला किंवा छिद्रे झिजून मोठी झाली, की ती आत शिरते. टोपी नीट न बसणे, टोपी वाकडी होणे, जेट अर्धवट तुंबणे ही याची कारणे. असे झाले तर बटण ताबडतोब बंद करावे, बर्नर निवू द्यावा आणि मगच टोपी काढून पाहावी.

दोष शोधण्याचा क्रम

मोडतोड सुरू करण्यापूर्वी काही प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न : दोष एका बर्नरचा की सर्वांचा? सर्व बर्नर मंद जळत असतील, तर शेगडी निर्दोष असून दोष अलीकडे, म्हणजे सिलिंडर, रेग्युलेटर किंवा नळीत आहे. सिलिंडर संपत आला आहे का, नळी दुमडली अथवा सिलिंडरखाली दबली आहे का, हे पाहावे. एक बर्नर चांगला जळतो, पण दुसरा लावताच पहिलाही लहान होतो, असे दिसले तरी दोष पुरवठ्याकडेच असण्याचा संभव अधिक. सिलिंडर संपत आल्यावर काही जण तो आडवा करतात किंवा गरम पाण्यात ठेवतात. हे दोन्ही प्रकार धोक्याचे आहेत. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव नळीत येऊ शकतो, आणि त्याचा वायू होताना आकारमान अडीचशे पटींनी वाढते.

दुसरा प्रश्न : एकाच बर्नरचा दोष असेल, तर तो टोपीत की जेटमध्ये? दोन्ही बर्नर एकाच मापाचे असतील, तर निवल्यानंतर टोप्यांची अदलाबदल करून पाहावी. दोष टोपीबरोबर दुसरीकडे गेला, तर टोपी तुंबली अथवा झिजली आहे. दोष जागच्या जागीच राहिला, तर मिश्रणनळी, जेट किंवा कॉक पाहावा लागेल. या युक्तीला कसलेही हत्यार लागत नाही.

तिसरा प्रश्न : ज्योत सर्व छिद्रांतून सारखी येते का? एका बाजूला ज्योत आहे आणि दुसरी बाजू मुकी आहे, असे असेल तर दूध, भाताची पेज किंवा आमटी उतू जाऊन तेवढी छिद्रे बुजली आहेत. कालच टोपी धुतली असेल, तर छिद्रांत पाणीच राहिलेले असेल.

चौथा प्रश्न : मोठी आच ठीक, पण मंद केली की विझते का? प्रथम खिडकीतील वारा पाहावा. वारा नसताही विझत असेल, तर कॉकमधील मंद ज्योतीची बारीक वाट जुन्या, सुकलेल्या ग्रीझने बुजली असावी. बटण घट्ट फिरत असेल, तर हे निदान अधिक पक्के. हे काम मात्र मेकॅनिकचे.

घरी करावयाची सफाई

सफाईपूर्वी रेग्युलेटर बंद करावा आणि शेगडी पूर्ण निवू द्यावी. टोप्या काढून, पितळी असतील तर कोमट पाण्यात चिंच घालून अर्धा तास ठेवाव्यात. पितळेला चिंच हा आपल्या घरचा जुनाच उपाय आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना मात्र साधे साबणाचे पाणीच वापरावे. धुण्याचा सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो. नंतर जुन्या दातांच्या ब्रशाने टोपी घासावी आणि बुजलेली छिद्रे केरसुणीच्या काडीने मोकळी करावीत. लोखंडी खिळ्याने छिद्रे मोठी होतात. टोपी उजेडासमोर धरली, की प्रत्येक छिद्रातून प्रकाश दिसला पाहिजे.

मिश्रणनळी काढता येण्यासारखी असेल, तर बाटली धुण्याच्या ब्रशाने किंवा दोरीला बांधलेल्या कोरड्या फडक्याने आतून पुसावी. हवेच्या तोंडाशी साचलेला चिकट थर खरवडून काढावा. सर्व भाग उन्हात खडखडीत वाळवून मगच बसवावेत आणि टोपी आपल्या खाचेत नीट बसली आहे ना, हे बोटाने फिरवून पाहावे. आठवड्यातून एकदा टोप्या आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा नळी एवढी सफाई झाली, तर बहुतेक शेगड्या कुरकुर करीत नाहीत.

भांडे ठेवण्याची जाळीही तपासावी. ती वाकून खाली आली असेल, तर भांड्याचे थंड बूड ज्योतीच्या निळ्या सुळक्यात बुडते, ज्वलन अर्धवट राहते आणि निळ्या ज्योतीतूनही विषारी वायू निघू शकतो.

जेटला टाचणी नको

रॉकेलच्या स्टोव्हची पिन त्याच्या छिद्राच्या मापाचीच केलेली असे. म्हणून ती चालत असे. गॅसच्या जेटमध्ये आपण शिरवतो ती सुई किंवा टाचणी मापाची नसते, आणि पितळ मऊ असते. छिद्राचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला, तर त्याचे क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढते आणि जवळजवळ तेवढाच जादा गॅस बाहेर पडतो. हवा मात्र त्या मानाने वाढत नाही. परिणामी ज्योत मोठी पण पिवळी होते. घरातील माणसे खूश होतात, ‘बघा, किती मोठी झाली!’ पण भांडी काळी पडतात आणि सिलिंडर आधी संपतो. एकदा मोठे झालेले छिद्र पुन्हा लहान होत नाही. जेट बदलणे हाच उपाय. जेट तुंबले असेल तर मेकॅनिककडून ते काढवून साफ करून घ्यावे किंवा त्याच मापाचे नवे बसवावे. नव्या जेटचा खर्च एका सिलिंडरच्या किमतीपुढे काहीच नाही.

हुबळी-धारवाडच्या काही वसाहतींत आता नळाने नैसर्गिक वायू येतो. हा वायू मुख्यतः मिथेन. त्याला सुमारे दहा पटच हवा लागते, पण तेवढीच उष्णता मिळविण्यासाठी वायू जास्त लागतो. म्हणून त्याचे जेट मोठे असते. जुनी शेगडी नळाच्या गॅसला जोडताना जेट बदललेच पाहिजे. उलट, नळाच्या गॅससाठी बदललेली शेगडी पुन्हा सिलिंडरला तशीच जोडणे अत्यंत धोक्याचे. जुनी शेगडी विकत घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न अवश्य विचारावा.

हात कोठे आवरावा

टोपी, नळीची वाट आणि जाळी ही आपली हद्द. कॉक, जेट व रेग्युलेटर ही मेकॅनिकची. कॉकला घरचे खोबरेल किंवा गोडेतेल घालू नये. ते उष्णतेने चिकट होऊन वाट बुजवते आणि गळती लपवते. गळतीचा संशय आला, तर साबणाचा फेस सांध्यांवर लावावा. बुडबुडे आले की गळती आहे. काडी ओढून गळती शोधणे म्हणजे साप आहे की नाही हे पाहण्यासाठी बिळात हात घालणे!

हा गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. तो खिडकीतून वर निघून जात नाही. ओट्याखाली, कोपऱ्यात साचतो. हवेत शेकडा दोन भाग झाला, तरी ठिणगीने पेट घेतो. मुळात त्याला वास नाही. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळलेले असते. वास आला तर विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर जावे आणि तेथून १९०६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. रबरी नळी पाच वर्षांनी, आणि भेगा दिसल्यास त्याआधीही, बदलावी. खाली ओव्हन असलेली मोठी कुकिंग रेंज असेल, तर आणखी एक नियम पाळावा. ओव्हनची ज्योत विझली असता बटण बंद करून दार काही मिनिटे उघडे ठेवावे आणि मगच काडी लावावी; बंद पेटीत साचलेला गॅस भडका घेतो.

गळतीला निदान वास तरी असतो. अर्धवट ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तोही नाही. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. डोके जड होते, मळमळते, गुंगी येते, आणि माणसाला वाटते की दिवसभराच्या कामाचा शीण आहे. धारवाडच्या पावसाळ्यात खिडक्या महिनोन् महिने बंद असतात. अशा बंद स्वयंपाकघरात पिवळ्या ज्योतीपुढे रोज दोन-तीन तास उभी राहणारी व्यक्ती बहुधा आपली आई, वहिनी किंवा आजी असते. ‘हल्ली डोके फार दुखते’ असे ती म्हणाली, तर औषधाच्या डबीबरोबर शेगडीकडेही पाहावे आणि खिडकी थोडी उघडी ठेवावी. दार बंद करून एकाच खोलीत राहणाऱ्या आणि तेथेच स्वयंपाक करणाऱ्या विद्यार्थ्यालाही हाच इशारा लागू आहे.

जुनी शेगडी ही वाईट शेगडी नव्हे. तिच्या ओतीव बर्नरांत अजून पुष्कळ आयुष्य असते. तिला हवी असते स्वच्छ वाट, योग्य मापाचे जेट आणि थोडे लक्ष. ज्योत निळी आहे का, एवढे रोज एकदा पाहण्याची सवय लागली, तरी प्रयोगशाळेत शिकलेला तो पहिला धडा सार्थकी लागेल.